प्रोसेसरचं गणित चुकतंय का? ताळा करून बघा

तुमचा प्रश्न असा आहे: तोच प्रोग्राम, तोच डेटा, तरी अधूनमधून बेरजेचे शेवटचे आकडे वेगळे येतात. प्रोसेसरच चुकत असेल का, आणि ते ओळखायचं कसं?

चुकत असेलही. पण आधी साधी शक्यता तपासा. अपूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. डबल प्रकारात (अपूर्णांक ६४ बिटांत साठवण्याची नेहमीची पद्धत) १०^१६ मध्ये १ मिळवून पुन्हा १०^१६ वजा केले तर शून्य उरतं, कारण २^५३ च्या पुढे प्रत्येक पूर्णांकाला जागा नसते. आधी वजाबाकी, मग बेरीज केली तर १ येतो. प्रोग्राम अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांत, चालत असेल तर हा क्रम दर वेळी वेगळा लागतो. म्हणून एकाच थ्रेडवर चालवा. फरक गेला तर प्रोसेसरला दोष देऊ नका. राहिला, तर रॅमची चाचणी घ्या, व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यायची राहिली नाही ना ते बघा, आणि मगच पुढे वाचा.

प्रोसेसरच्या चुका दोन जातींच्या. आराखड्यातली चूक त्या मॉडेलच्या प्रत्येक चिपमध्ये असते आणि दर वेळी तेच चुकीचं उत्तर देते. तिथे गणित दोनदा करून काहीच कळत नाही. १९९४ साली थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, तेव्हा इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकतो हे त्यांच्या लक्षात आलं. ती चिप भागाकाराचा पुढचा अंक एका तक्त्यात बघून ठरवायची, आणि त्या तक्त्यातल्या पाच खान्यांत २ ऐवजी ० होता. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचं उत्तर १.३३३८२०४… यायला हवं, ते १.३३३७३९०… यायचं. इंटेलला हे प्रकरण ४७.५ कोटी डॉलरना पडलं.

त्या भाजकाकडे नीट बघा. बायनरीत तो १, मग ०, आणि पुढे सलग वीस वेळा १ असा आहे. बिघडलेल्या खान्यापर्यंत पोचायला भाजकात अशी १ ची लांब रांग लागायची. यादृच्छिक आकडे टाकून हे सापडणं फार कठीण. इंटेलचाच अंदाज ९ अब्ज भागाकारांत एक चूक असा होता. म्हणून चाचणीचे आकडे मुद्दाम निवडावे लागतात: सलग १, सलग ०, दोनाच्या घातांच्या अलीकडचे-पलीकडचे. सगळ्या जोड्या तपासू म्हणाल तर ६४ बिटांच्या २^१२८ होतात, ते अशक्य. ३२ बिटांचं वर्गमूळ मात्र सगळ्या २^३२ आकड्यांवर बिनधास्त तपासा, काही मिनिटांचं काम आहे.

आणि ताळा उलट्या क्रियेने घ्या. भागाकार आला की भाजकाने गुणा आणि भाज्यातून वजा करा. वरच्या आकड्यांवर शून्याच्या जागी त्या पेंटियमवर २५६ उरायचे. गुणाकाराचं सर्किट वेगळं होतं, म्हणून ते भागाकाराची चूक उघडी पाडू शकलं.

पूर्णांकांना नवाचा ताळा आठवा. ५७ × ८३ = ४७३१; अंकांची बेरीज करत गेलं की ३ आणि २, गुणाकार ६, आणि ४७३१ चेही ६. चिपमध्ये हाच ताळा ३ ने घेतात, म्हणजे ३ ने भागून उरणारी बाकी जुळते का ते बघतात. दोनाचा कुठलाच घात ३ ने भागला जात नाही, त्यामुळे उत्तरातला कोणताही एक बिट उलटला तर बाकी बदलतेच. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

तुमची लक्षणं दुसऱ्या जातीची वाटतात, एखादाच कोअर (प्रोसेसरमधल्या अनेक गणना-केंद्रांपैकी एक) बिघडल्याची. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी असाच एक कोअर जगासमोर मांडला: १.१ चा ५३ वा घात पूर्णांकात १५६ यायला हवा, तिथे तो ० द्यायचा आणि चांगल्या फाइलींचा आकार शून्य ठरायचा. बाकीचे कोअर ठणठणीत. असा कोअर कधी तापल्यावरच चुकतो, कधी ठरावीक आकड्यांवरच.

तेव्हा लिनक्स असेल तर टास्कसेट या कमांडने प्रोग्राम एकेका कोअरला बांधा आणि रात्रभर चालवा. सोबत प्राइम९५ या मूळसंख्या शोधणाऱ्या प्रोग्रामची टॉर्चर टेस्टही एकेका कोअरवर लावा. तिची उत्तरं आधीच ठाऊक असतात, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवत असाल, तर ते आधी काढा. मग कोअरचा क्रमांक, इनपुट आणि आलेलं उत्तर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) इथे टाका, दशांशात नको. कुठला बिट उलटतोय ते त्यावरून दिसेल.