ट्रेकिंग पोलवरचा तंबू रात्रीत ढिला पडतो. कातळावर तो कसा उभारावा?

ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठीवर, उभा राहणारा हलका तंबू बागेतल्या हिरवळीवर नीट लागतो, मग सह्याद्रीतल्या पठारावर मध्यरात्री त्याचे कापड तोंडावर का येते, आणि जिथे खुंटी शिरतच नाही तिथे तो लावायचा कसा, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राहतो आणि गेले सहा हिवाळे सिलनायलॉनचा, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा, असाच तंबू वापरत आहे. आपले दोन्ही प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडले होते.

डोम तंबूला स्वतःचा सांगाडा असतो. या तंबूला तो नसतो. पोल कापडाला फक्त वर रेटतो, तंबू उभा राहतो तो कापडाच्या ताणावर, आणि तो सगळा ताण अखेरीस खुंट्यांवर येतो. म्हणून चारही कोपरे आधी किंचित सैल रोवावेत, दोन्ही कर्ण सारखे आहेत ना हे पावलांनी मोजून पाहावे, पोल नेमलेल्या उंचीपेक्षा चार-पाच सेंटीमीटर आखूड ठेवून आत उभा करावा आणि मगच तो हळूहळू वाढवावा. कोपरे आधीच घट्ट ओढले, तर चौकोन तिरका होतो आणि एका बाजूची सुरकुती काही केल्या जात नाही.

रात्री ढिला पडण्याचे कारण बहुधा कापडात असते. नायलॉन दमट हवेत आणि दवात पाणी शोषून सैलावते. पॉलिएस्टर त्या मानाने फारच कमी ताणले जाते. पहिल्या वर्षी मी पोलची लांबी धरून ठेवणाऱ्या लॉकला दोष देत रात्री दोनदा उठलो होतो, वास्तविक लॉक जागच्या जागी होते. आता झोपण्यापूर्वी, दव पडू लागल्यावर, मी बॅटरी घेऊन तंबूभोवती एक फेरी मारतो आणि दोऱ्या पुन्हा ओढतो. रात्री गरज पडलीच, तर आतूनच पोल दोन सेंटीमीटर वाढवला की सगळे कापड एकदम ताणले जाते.

आता कातळ. आपल्याकडचा बेसाल्ट आणि त्यावरचा बोटभर मुरूम यांत खुंटी अर्धी जाते आणि वाकते. तिच्यावर दगड हाणत बसू नये. दोरी थेट मोठ्या धोंड्याला बांधली, तर वाऱ्याने हलताना बेसाल्टची धार दोन मिलिमीटरची दोरी सकाळपर्यंत कापू शकते. त्यापेक्षा दोरीच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधावा, तो कोपऱ्यापासून हातभर लांब ठेवावा, आणि त्याच्या अलीकडे, म्हणजे तंबूच्या बाजूला, दोरीवरच एक जड धोंडा ठेवावा. दोरी ओढली गेली की लहान दगड मोठ्याला येऊन अडतो आणि जितका ताण वाढेल तितका तो घट्ट बसतो. दोरी ज्या धारेवर घासेल तिथे जुन्या मोज्याचा तुकडा घालावा. यासाठी प्रत्येक कोपऱ्याला मीटरभर जादा दोरी घरूनच बांधून न्यावी, कारण अंधारात, गार पडलेल्या बोटांनी गाठी मारणे हा निराळाच ट्रेक असतो. सकाळी दगड जिथून उचलले तिथे परत ठेवावेत. गडावरच्या जोत्याचे किंवा तटाचे दगड मात्र मुळीच हलवू नयेत.

वाऱ्याकडे तंबूची निमुळती, बुटकी बाजू करावी आणि कड्याच्या काठापासून बरेच मागे सरावे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर उसळतो, तो अशा तंबूच्या पोटात शिरला तर एकही दगड पुरत नाही. ठाण्याजवळच्या येऊरला सराव करण्याचा विचार असेल, तर ते राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, तिथे मनाने मुक्काम करता येत नाही.

सरावाला इमारतीची गच्ची उत्तम, कारण तिथेही खुंटी शिरत नाही. मी वीस लिटरचे पाण्याचे चार जार कोपऱ्यांना बांधून तंबू पंधरा-वीस वेळा लावला, पोलवर योग्य उंचीची खूण मार्करने करून ठेवली आणि जमिनीवर पोलचे रबरी बूट घालायचे की नाही तेही तिथेच ठरवले. जार मात्र भरलेले असावेत. माझा एक रिकामा होता, तो पहिल्याच झुळकेसरशी दोरीसकट पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि वॉचमन वर येऊन विचारू लागला, "साहेब, लग्न आहे का कुणाचं?"