२५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस बाईकचा लो-एंड (इंजिन कमी वेगात फिरत असतानाची ओढ) कसा वाढवायचा? एक्झॉस्ट बदलू की हाय-कॉम्प्रेशन पिस्टन टाकू?

एक्झॉस्ट तर मुळीच नको. पिस्टनही आत्ता नको. आधी मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर चढते ते चाकाचं दातेरी चक्र) बदला, मग बाकीचं बोलू.

तुम्ही लिहिलंय की वळणातून बाहेर पडताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुदमरते, दुसऱ्यात टाकली तर लगेच किंचाळायला लागते, आणि ट्रॅकवरचे जाणकार फुल सिस्टिम एक्झॉस्ट (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा अख्खा धुराचा पाइप) घ्या म्हणून मागे लागलेत. ते लागणारच. एक्झॉस्ट चमकतो, आवाज करतो, चारचौघांत दाखवता येतो. मागे तीन दाते वाढवले हे कोणाला दाखवणार? हाच वाद माझ्यात आणि माझ्या थोरल्या भावात वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

ही इंजिनं मुळात अशी का, ते आधी बघा. यामाहाच्या टू-स्ट्रोक वायझेड२५० चा बोअर (सिलिंडरची रुंदी) ६६.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिमी. होंडाच्या २०१८ पासूनच्या सीआरएफ२५०आर चा बोअर ७९ आणि स्ट्रोक ५०.९. सीसी जवळपास सारखेच, पण दुसरं इंजिन रुंद आणि आखूड. रुंद असल्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसतात, आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो, म्हणून ते तेरा-चौदा हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) फिरवता येतं. आणि फिरवावंच लागतं, कारण टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरी सोडून. ती कसर आरपीएम वाढवूनच भरून काढतात. तेव्हा तुमच्या गाडीत काही बिघाड असेलच असं नाही. ती वर, म्हणजे जास्त आरपीएमला, पळण्यासाठीच बनवली आहे आणि त्यापायी खाली, कमी आरपीएमला, थोडी हडकुळी आहे.

आता दादाची गोष्ट. दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, कार्ब्युरेटरवाल्या. त्याने एका ट्यूनरच्या सांगण्यावरून फुल सिस्टिम एक्झॉस्ट बसवला. मग त्याच माणसाने "आता एक्झॉस्ट मोकळा झालाच आहे तर कॅमही घेऊन टाका" म्हणत रेसिंग कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघड-मीट करणारा दांडा) गळ्यात मारला. सरळ पट्ट्यात गाडी सुसाट सुटायची, खोटं कशाला बोलू. पण आमच्या ट्रॅकवर एक डावं वळण होतं, मऊ मातीचं, खोल चाकोऱ्या पडलेलं, आणि ते संपता संपता लगेच डबल जंप (लागोपाठचे दोन उंचवटे एका उडीत पार करायचे). म्हणजे वळणातून निघतानाच गाडीने ओढलं पाहिजे, नाहीतर उडी अपुरी पडणार. तिथे दादाची गाडी भ्वॉऽऽ करून बसायची, क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम उसळायची. मागचं चाक चाकोरीची भिंत चढायचं आणि दादाचा पाय जमिनीवर. यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे अख्ख्या वळणात क्लच अर्धा दाबून इंजिन वर ठेवणं.

क्लच अर्धा दाबून चालवण्यात गैर काही नाही, सगळेच थोडंफार करतात. पण दर वळणाला तेच केलं की काय होतं ते मी त्याचं क्लच कव्हर उघडलं तेव्हा दिसलं. तेल काळंकुट्ट, नाक मिटून घ्यावं असा जळका वास, स्टीलच्या प्लेटांवर निळे-जांभळे डाग आणि फ्रिक्शन प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत. दादाचं निदान: कंपनीचा क्लच कच्चा आहे. लगेच महागातला क्लच घ्यायच्या गोष्टी सुरू.

क्लच बिचारा काय करणार? दोष कॅमचा होता. असा कॅम इनटेक व्हॉल्व्ह (हवा-इंधन आत घेणारा) जास्त वेळ उघडा ठेवतो. अकरा-बारा हजारला आत येणाऱ्या हवेला इतका जोर असतो की पिस्टन वर यायला लागला तरी ती आत घुसत राहते, म्हणून तिथे फायदा. चार-पाच हजारला तो जोर नसतो. पिस्टन वर येतो आणि आत आलेलं मिश्रण उघड्या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये ढकलतो. कोंडलं जाणारं मिश्रणच कमी, तर ताकद कुठून येणार? त्यात त्याच्या नव्या एक्झॉस्टचा हेडर पाइप (इंजिनमधून निघणारा पहिला तुकडा) जास्त रुंद होता. ढोबळ नियम असा की हेडर लांब आणि अरुंद असेल तर खाली फायदा, आखूड आणि रुंद असेल तर वर. म्हणजे दादाने एकाच रोगावर दोन उलटी औषधं घेतली, तीही एकाच वेळी.

माझ्या गाडीला मी जे केलं त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट, म्हणजे क्लिअरन्स) तपासले, एक इनटेक टाइट निघालं, शिम (ती फट ठरवणारी चकती) बदलली. (या गाड्यांमध्ये टायटॅनियमचे व्हॉल्व्ह झिजून सीटमध्ये आत बसत जातात आणि क्लिअरन्स कमी होत जातो. गाडी गरम असताना किक घेईनाशी झाली की आधी इथे बघावं.) कार्ब्युरेटरमधला पायलट जेट (कमी आरपीएमचं इंधन सोडणारं बारीक छिद्र) साफ केला, फ्युएल स्क्रू नीट लावला, अ‍ॅक्सिलेटर पंपाची पिचकारी वेळेवर सुटते का ते पाहिलं, कारण झटकन पिळल्यावर गाडी बसते त्यामागे बहुतेक वेळा तोच पंप असतो. सायलेन्सरमधली फाटून-जळून गेलेली लोकर बदलली. आणि मागचं ४८ दात्यांचं स्प्रॉकेट काढून ५१ चं लावलं.

हिशेब सरळ आहे. पुढच्या स्प्रॉकेटला १३ दाते, मागे ४८ म्हणजे गुणोत्तर ३.६९. पुढे १३, मागे ५१ म्हणजे ३.९२. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला मिळणारा जोर सव्वासहा टक्क्यांनी वाढला, आणि इंजिनचा एक नटही न खोलता. त्याहून मोठा फायदा असा की जिथे दुसरा फार आखूड आणि तिसरा फार लांब पडत होता, तिथे तिसरा बरोब्बर बसला. तुमची तक्रार अगदी हीच आहे, पुन्हा वाचून बघा.

दादाला हे पटेना. म्हणाला, "तू माझ्यापेक्षा हलका आहेस, म्हणून तुझी निघते." मी म्हटलं, ठीक, गाड्या बदलू. तीच चाकोरी, तिसरा गिअर, क्लचला हात लावायचा नाही. त्याच्या गाडीवर मी, म्हणजे तो हलका माणूस, वळणाच्या मधोमध अडकलो आणि गाडी बंद पडली. माझ्या गाडीवर तो गुरगुरत बाहेर आला आणि डबल जंप पूर्ण मारून गेला. परत आला, हेल्मेट काढलं, मागच्या चाकाकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "स्प्रॉकेट मोठं आहे तुझं. ही चीटिंग झाली."

त्याचं म्हणणं आजही तेच आहे: स्प्रॉकेटने इंजिनची ताकद वाढत नाही. बरोबर आहे, वाढत नाही. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) लावली तर इंजिनचा आकडा होता तोच येईल. पण मातीशी गाठ मागच्या टायरची पडते, आणि त्या टायरला हा जोर पिस्टनमुळे आला की दात्यांमुळे, याच्याशी काही देणंघेणं नसतं. तुम्हाला आकडा हवाय की वळणातून बाहेर पडायचंय, ते आधी ठरवा.

तुमचा पिस्टनचा प्रश्न राहिलाच. एक्झॉस्टपेक्षा पिस्टन बरा, कारण कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढलं की खालपासून वरपर्यंत थोडा थोडा फायदा होतो. पण 'थोडा' हा शब्द नीट ऐका. या गाड्यांचं कॉम्प्रेशन कंपनीतूनच साडेतेराच्या आसपास असतं. ते साडेचौदा केलं तर पाठ्यपुस्तकातल्या ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनच्या आदर्श चक्राच्या) सूत्राने कार्यक्षमतेत जेमतेम दीड टक्क्याची वाढ निघते. मागे दोन दाते वाढवले तर चार टक्के. शिवाय पिस्टनबरोबर जास्त ऑक्टेनचं इंधन आलं, उष्णता आली, नॉकिंगची (मिश्रण अवेळी भडकून इंजिनला ठोके बसण्याची) धास्ती आली. पिस्टन बदलायची वेळ झालीच असेल तर हाय-कॉम्प्रेशनचा घ्या, हरकत नाही. चांगला पिस्टन काढून तो टाकणं मला पटत नाही.

कॅमला हात लावायचाच असेल तर लांब ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या) रेसिंग कॅमचं नाव काढू नका. आहे तोच इनटेक कॅम थोडा अ‍ॅडव्हान्स केला की व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि खाली फायदा होतो. पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर मोजता येणारा माणूस हाताशी असेल तरच. अंदाजाने केलं तर दोघांची टक्कर होईल.

पुढचं स्प्रॉकेट १३ चं १२ करा, तोच परिणाम स्वस्तात मिळतो, असंही कोणीतरी सांगेल. परिणाम मिळतो, उलट जास्तच, आठ टक्क्यांच्या वर. पण चेन फार लहान वर्तुळात वळते, चेन आणि स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) स्लायडर दोन्ही भराभर झिजतात. चाचणीपुरतं लावून बघायला उत्तम, कायमचं नको.

दाते वाढवूनही चाकोरीत गाडी बंद पडत असेल तर मॅग्नेटला फ्लायव्हील वेट (इंजिनबरोबर फिरणारं जादा वजन) लावा. त्याने टॉर्क वाढत नाही, फिरणाऱ्या वस्तुमानात साठा वाढतो. गाडी पटकन बंद पडत नाही आणि निसरड्यावर चाक कमी फिरतं. बदल्यात इंजिन वर चढायला किंचित आळशी होतं. दादा त्याला "ट्रॅक्टर" म्हणतो. म्हणू दे.

आता थोडं माझ्या बोलण्याला वेसण. तुमचा ट्रॅक मोकळा आणि लांब पट्ट्यांचा असेल तर दाते वाढवल्याने गिअर लवकर संपतील, सारखं बदलत बसावं लागेल, आणि तिथे दादाची गाडी खरंच पुढे जाते. स्प्रॉकेट मोठं झालं की तेवढी चेन त्यात जाते, चाक पुढे सरकतं, व्हीलबेस थोडा कमी होतो. गाडी वळायला चपळ होते आणि वेगात थोडी अस्थिर. पुढे सरकायला जागाच उरली नसेल तर जास्त कड्यांची चेन लागेल. सगळेच एक्झॉस्ट वाईट असंही नाही. हेडरवर रेझोनन्स चेंबर (पाइपला जोडलेली पोकळ डबी) असलेले, लो-एंडसाठीच बनवलेले मिळतात आणि वजनही वाचतं. पण ते दात्यांनंतर.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर मॅपही (इंधन आणि ठिणगीची संगणकातली मांडणी) बघा. यामाहाने २०१९ च्या वायझेड२५०एफ पासून मोबाइलवरून मॅप बदलायची सोय दिली, कावासाकीच्या केएक्सबरोबर वेगवेगळ्या मॅपचे कपलर (बदलून लावायचे छोटे प्लग) यायचे. हे बदलून बघायला काही मोडावं लागत नाही, म्हणून पिस्टनच्या आधी करा. बिग-बोअर किटने (मोठा सिलिंडर-पिस्टन घालून सीसी वाढवून) खालचा दम सर्वांत खात्रीने वाढतो, वादच नाही, पण स्पर्धेत उतरणार असाल तर विसरा. जागतिक एमएक्स२ वर्गात फोर-स्ट्रोकला २५० सीसीची मर्यादा आहे आणि बाकीच्या ठिकाणीही बहुधा तोच आकडा धरतात.

टू-स्ट्रोकवाल्यांनी यातलं गिअरिंग आणि फ्लायव्हील एवढंच घ्यावं. तिथे एक्झॉस्टचा आकारच इंजिनचा स्वभाव ठरवतो, शिवाय रीड (हवा आत घेणाऱ्या पात्या) आणि पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारा) आहेत, त्यामुळे माझा एक्झॉस्टवरचा राग तिथे लागू होत नाही.

तुम्ही वर्ष, मॉडेल आणि सध्या पुढे-मागे किती दाते आहेत ते लिहिलेलं नाही, ते कळवा. तोवर मागे दोन-तीन वाढवा. आणि नव्या स्प्रॉकेटचे बोल्ट पहिल्यांदा फिरवून आणलं की परत टॉर्क रेंचने आवळा, ते हमखास ढिले पडतात.