आधी बस्तान की आधी बाळ?

तुमचं वय ३३, नवऱ्याचं ३६, चार महिन्यांत परदेशी राहायला निघायचंय, आणि ‘तिकडे तीन-चार वर्षांत बस्तान बसलं की मग बाळाचं बघू’ हा बेत योग्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी याच वयात हाच बेत घेऊन निघाले होते. आधी नोकरी, मग कायमच्या वास्तव्याचा अर्ज, मग जरा मोठं घर. दर वेळी वर्षभराचाच तर प्रश्न असायचा. प्रयत्न सुरू केले तेव्हा मी ३८ची होते.

बाई जन्माला येते तेव्हा तिच्याकडे १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. पुढे त्यात भर पडत नाही. वयात येताना ३ ते ५ लाख उरतात, ३७व्या वर्षी साधारण २५ हजार. पण खरी गोची संख्येची नाही, बीज एकच लागतं. ते बीज आपल्याच वयाचं असतं, आणि वय वाढतं तशा त्यातल्या गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात. म्हणून दिवस राहायला वेळ लागतो आणि राहिले तरी टिकतीलच असं नाही. तिशीच्या सुरुवातीला दर पाळीमागे शक्यता साधारण चारात एक, चाळिसाव्या वर्षी दहात एक. चाळिशीत गर्भपाताचं प्रमाण तिनात एकाच्याही वर जातं. ३५व्या वाढदिवसाला दार धाडकन बंद होत नाही, घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. पण ३७ नंतर उतार तीव्र होतो, आणि तुमचे ३३ अधिक ४ नेमके तिथेच येतात. दुसरं मूल हवं असेल तर हिशोब चाळिशीपर्यंत जातो.

निघण्याआधी मी एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं हार्मोन, तपासलं होतं. आकडा छान आला, मी निर्धास्त. ती चूक. ही चाचणी फक्त साठा सांगते, बीजाचा दर्जा नाही. ‘आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) आहेच की’ हीसुद्धा समजूतच. स्वतःचं बीज वापरलं तर त्याचं वय तिथेही तेच राहतं. बीजं गोठवायची तर पस्तिशीच्या आत, आणि शक्यतो जिथे राहणार आहात तिथेच. देश ओलांडून ती हलवणं म्हणजे कागदपत्रांचं जंगल.

कोणीच मोजत नाही तो काळ म्हणजे ताटातुटीचा. एकजण आधी जातो, दुसऱ्याचा व्हिसा आठ महिन्यांनी येतो. दिवस राहण्याजोगे दिवस महिन्यात जेमतेम सहा, त्यात दोघं दोन खंडांत! जमलं तर एकत्रच निघा.

नवऱ्याची वीर्यतपासणी इथेच उरका. पुरुषांचं वयही चाळिशीनंतर मोजावं लागतं आणि तपासणी सोपी असते, तरी सगळ्यात शेवटी तीच होते. रुबेलाविरुद्धची (जर्मन गोवर) तुमची प्रतिकारशक्ती तपासा. लस घ्यावी लागली तर प्रयत्नांआधी महिनाभर थांबायचं असतं. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि नंतर सहा महिने प्रयत्न करूनही जमलं नाही, तर डॉक्टर गाठा.

नव्या देशात बाळंतपण अवघड जातंच, माणसं नसतात हाताशी. तरी मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षातच सुरुवात केली असती. मला दोन गर्भपातांनंतर चाळिसाव्या वर्षी मुलगी झाली. दुसरं राहूनच गेलं.

आणि विमा घेताना प्रसूतीसाठी किती महिने थांबावं लागतं ते कलम आधी वाचा. आमचं वाचायचं राहिलं होतं.