दुकानात वाइन घेताना बाटलीच्या लेबलावरचे नेमके काय वाचावे?

आपण विचारले आहे की, अधूनमधून जेवणाबरोबर वाइन घेणाऱ्या साध्या ग्राहकाने लेबलावरच्या कोणत्या गोष्टी पाहाव्यात आणि ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या बाटलीला जास्त पैसे मोजावेत का. मी नाशिकचा असल्यामुळे हा प्रश्न पाहुण्यांकडून नेहमी ऐकतो. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचेही बरेचसे उत्तर त्यातच आहे.

लेबलावरचे काही शब्द कायद्याने बांधलेले असतात आणि काही केवळ खपासाठी छापलेले असतात. स्पेनमधल्या रिओहा प्रदेशातील लाल वाइनवर ‘रेसेर्व्हा’ असेल, तर ती किमान ३ वर्षे मुरवलेली असते आणि त्यांपैकी किमान १ वर्ष ओक लाकडाच्या पिंपात गेलेले असते. ही अट पाळल्याखेरीज तेथे तो शब्द छापताच येत नाही. अमेरिकेत मात्र ‘रिझर्व्ह’ या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही. आपल्याकडच्या बाटलीवर तो दिसला, तर उत्पादकाने आपल्याच मालापैकी वरचा ठरवलेला माल, एवढाच अर्थ घ्यावा आणि त्या उत्पादकाची साधी बाटली आवडली असेल तरच पुढे जावे. ‘प्रीमियम’, ‘स्पेशल सिलेक्शन’ वगैरे शब्दांकडे तर मी पाहतही नाही.

आता शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची एखादी नाशिकची बाटली हातात घेतली आहे असे समजा. समोर द्राक्षाची जात, प्रदेश आणि वर्ष ठळक अक्षरांत असते. जातीचे नाव छापले म्हणजे बाटलीत शंभर टक्के तीच द्राक्षे आहेत असे नाही. युरोपीय संघात त्या जातीचे प्रमाण किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत साधारणपणे किमान ७५ टक्के असावे लागते. छापलेले वर्ष द्राक्षे तोडल्याचे असते, बाटली भरल्याचे नव्हे. आपल्याकडे पावसाळा संपता संपता छाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, तर फ्रान्समध्ये तीच मुख्यतः सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे एकाच वर्षाचा आकडा असला तरी आपली वाइन सहा-सात महिन्यांनी वडील असते. रोजच्या पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइनच्या बाबतीत जुने ते सोने हा समज सोडून द्यावा आणि शक्यतो गेल्या दोन वर्षांतली बाटली घ्यावी. दुकानात ती बाटली उन्हाळाभर कोणत्या उकाड्यात उभी होती, हे कोणतेही लेबल सांगत नाही. म्हणून मी काचेजवळच्या फळीवरची बाटली घेत नाही.

खरी माहिती मागच्या बाजूला, डोळे बारीक करून वाचाव्या लागणाऱ्या अक्षरांत असते. अल्कोहोलचे प्रमाण १२ ते १३.५ टक्के असेल तर ती नेहमीच्या वळणाची वाइन असते. १४ च्या पुढे ती जड आणि घशाला उष्ण लागते. ५ ते ९ टक्के असेल तर बहुधा साखर शिल्लक असल्यामुळे ती गोड असते. नव्या ग्राहकाची निराशा सर्वांत जास्त होते ती याच गोडीमुळे. ‘लेट हार्वेस्ट’ म्हणजे द्राक्षे वेलीवर जास्त दिवस राहू देऊन केलेली गोड वाइन, ती मटणाबरोबर उघडू नये. फेसाळ वाइनमध्ये तर शब्द चक्क फसवतात: ‘ब्रूट’मध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे नावाने जास्त ‘ड्राय’ (कोरडी, म्हणजे कमी गोड) वाटणारी बाटलीच जास्त गोड निघते. सल्फाइटची, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या गंधकयुक्त द्रव्याची, सूचना पाहून घाबरू नये. युरोपात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असले की ती छापावीच लागते, त्यामुळे ती जवळजवळ प्रत्येक बाटलीवर असते. दमेकऱ्यांनी मात्र ती मनावर घ्यावी.

फ्रेंच बाटली पाहून गोंधळ होतो, कारण तिच्यावर अनेकदा द्राक्षाचे नावच नसते, फक्त प्रदेशाचे असते. फळवाला नुसते ‘देवगड’ म्हणाला तरी आपण हापूसच समजतो, तसे तेथे ‘शाब्ली’ म्हटले की शार्दोने आणि पांढरी ‘सांसेर’ म्हटली की सोव्हिन्यों ब्लां, हे गृहीत धरलेले असते. गोव्यातल्या ‘पोर्ट’च्या बाबतीत हे गृहीत धरू नये. पोर्तुगालची पोर्ट दोरू खोऱ्यातल्या द्राक्षांची, त्यात द्राक्षांचीच ब्रँडी घालून केलेली आणि सहसा १९ ते २२ टक्के अल्कोहोलची असते. गोव्यात त्या नावाने मिळणारी स्वस्त गोड लाल वाइन हा वेगळाच प्रकार आहे. तो आवडत असेल तर जरूर प्यावा, फक्त तिकडच्या पोर्टची अपेक्षा ठेवू नये.

राहिला प्रश्न किमतीचा. मागच्या लेबलावर आयातदाराचे नाव असेल, तर छापील किमतीत सीमाशुल्काचा मोठा वाटा आहे असे धरून चालावे. म्हणून सारख्याच किमतीच्या दोन बाटल्यांपैकी एक परदेशी आणि एक नाशिकची किंवा अकलूजची असेल, तर रोजच्या जेवणासाठी मी आपल्याकडचीच उचलतो.