पेशी 'ओळखते' म्हणजे नेमकं काय करते

जळगावहून बीएस्सीच्या एका मुलीने विचारलंय की नोट्समधे "प्रतिकारपेशी जिवाणूंच्या ग्लायकोलिपिडांचे अभिज्ञान करतात" असं आहे (ग्लायकोलिपिड म्हणजे साखर जोडलेली चरबी), तिथे सरळ 'ओळखतात' लिहिलं तर चालेल का. अगं, तेच लिही! हे 'अभिज्ञान करणे' ऐकून ऐकून कान किटलेत.

ओळखपाळखवाला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. खरी गंमत पुढे आहे. ओळखणे आलंय संस्कृत 'उपलक्ष्' वरून, प्राकृतात उवलक्ख-, मग उव चा ओ झाला, मधल्या ल चा ळ आणि क्ख चा ख, लक्ष चं लाख झालं तसाच. गुजरातीतही ओळखवुं आहे, आणि आपल्या अहिराणीत ळ चा य होतो म्हणून वयख. काही जण छातीठोक सांगतात की 'ओळ' म्हणजे रेघ, त्यावरून ओळख. मग तो ख कुठून टपकला तेही सांगा ना! कोणी अव+लक्ष् म्हणतात, मला उपच पटतं, पण लक्ष् वर तडजोड नाही, कारण लक्ष् म्हणजे खूण, लक्षण त्यातलंच. ओळखणे म्हणजे खुणेवरून ठरवणे.

आणि पेशी अगदी हेच करते. मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशीला, अख्खा ई. कोलाय हा जिवाणू दिसतच नाही, त्याच्या खुणा कळतात, त्यातली एक मोठी म्हणजे त्याच्या बाहेरच्या आवरणातला लिपिड ए, दोन साखरा आणि त्यांना लोंबणाऱ्या चरबीच्या सहा शेपट्या. त्यातल्या पाच एमडी-२ नावाच्या प्रथिनाच्या खिशात जातात, सहावी बाहेर राहून शेजारच्या टीएलआर-४ ला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या खूण टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, दोन टीएलआर-४ जोडले गेले की आत निरोप जातो, टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन सुटतं आणि ताप चढतो. ही खूण कळायला टीएलआर-४ लागतो हे १९९८ मधे ब्रूस बॉयटलर या शास्त्रज्ञाने दाखवलं, २०११ ला नोबेलमधे वाटा मिळाला.

आता प्लेगचा जंतू बघा, १८९६ ला मुंबईत आलेला तोच. पिसवेच्या थंड अंगात असताना याच्याही सहा शेपट्या, पण माणसाच्या ३७ अंशांत आला की बहुतेक चारच शेपट्यांचा लिपिड ए बनवतो. जंतू तोच, खूण बदलली, म्हणून टीएलआर-४ जवळजवळ गप्प बसतो आणि तेवढ्यात तो अंगभर पसरतो. लक्षण गेलं की ओळख गेली, व्युत्पत्ती याहून वेगळं काय सांगते?

हां, नोट्समधे पुढे एनकेटी पेशी असतील, त्याही प्रतिकारपेशीच. तिथे दुसऱ्या पेशीवरचं सीडी१डी हे प्रथिन ग्लायकोलिपिडातली चरबीची शेपटी आपल्या खाचेत धरून साखर वर ठेवतं, आणि एनकेटी त्या साखरेवरून ठरवते. तिथेही 'ओळखते'च लिही.