रात्री डोळ्यांपुढे कोण येते?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गेले पाच दिवस तू मोंढ्याकडे फिरकला नाहीस, फोन बंद ठेवलास, आणि काल आईबरोबर निरोप पाठवलास की आता आडतीवर तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्या दिवशी मी बँकेत गेलो होतो, त्यामुळे घडले ते मला हमालांकडून समजले. सोयाबीनच्या एका पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबात, तू २१ कट्ट्यांचे १९ लिहिलेस आणि आठवड्याने तो शेतकरी काट्याची पावती घेऊन आला, तेव्हा त्याने भर दुकानात तुला चोर म्हटले. मालकांनी फरकाची रक्कम तिथल्या तिथे चुकती केली. हमालांना ठाऊक नाही ते मला रोजकीर्दीत दिसले: त्या नोंदीपुढे तू पेन्सिलीने एक बारीक फुली करून ठेवली आहेस. म्हणजे खरेदीदाराचे बिल आणि पट्टी जुळत नाही हे तुला त्याच रात्री कळले होते, आणि तू गप्प राहिलास.

तुझा निरोप मी आईकडून दोनदा वदवून घेतला. त्यात तुझे तोंड आहे, तुझे नाव आहे, तुझ्या वडिलांची अब्रू आहे. ज्याचे दोन कट्टे बुडाले होते, तो माणूस त्यात कुठेही नाही. मला खटकले ते एवढेच.

आपण बोलताना दोन वेगळ्या गोष्टींना सर्रास लाजच म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंनी १९७१ मध्ये त्यांतला फरक नेमका मांडला. अपराधभावात माणसाचे लक्ष केलेल्या कृतीवर असते, तर लाजेत ते स्वतःवरच खिळून बसते. एकात माणूस म्हणतो, ‘हे मी काय करून बसलो’. दुसऱ्यात म्हणतो, ‘मी असलाच’. पुढे जून टँगनी यांनी याच विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यात असे आढळले की चटकन लाजेत बुडणारी माणसे चिडण्याकडे आणि दुसऱ्यावर दोष ढकलण्याकडे अधिक झुकतात, आणि ज्यांना कृतीची बोच लागते ती माफी मागण्याकडे व भरपाई करण्याकडे वळतात. हे वाचण्याआधीही मोंढ्यात मी ते पाहिले होते, पण त्याला नाव देता येत नव्हते.

‘जनाची नाही तर मनाची तरी ठेव’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यावरून आपण समजतो की लोकांसमोर वाटते ती लाज आणि एकांतात टोचतो तो पश्चात्ताप. रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ साली जपानी समाजाविषयी लिहिताना साधारण अशीच विभागणी केली होती. मला ती अपुरी वाटते, कारण दार लावून घेतलेल्या खोलीत, कोणी पाहत नसतानाही लाज माणसाला पोखरत राहते. तुझे पाच दिवस असेच गेले असणार. म्हणून मी वेगळी खूण धरतो. रात्री दिवा मालवल्यावर डोळ्यांपुढे कोण येते, ते पाहावे. स्वतःचाच चेहरा आणि त्याकडे रोखून पाहणारे लोक दिसत असतील तर ती लाज. ज्याचे आपल्या हातून नुकसान झाले तो माणूस दिसत असेल तर तो अपराधभाव.

ही खूण मी माझ्याच चुकीतून शिकलो. आडतीवर माझे दुसरे वर्ष होते. तुरीच्या एका पट्टीत माझ्याकडून हमाली दोनदा वजा झाली, आणि तेव्हाच्या मालकांनी ती पट्टी सर्वांदेखत माझ्या अंगावर भिरकावून माझी अक्कल काढली. रक्कम मी दुरुस्त केली खरी, पण संध्याकाळपर्यंत दोन हमालांवर आणि चहा आणणाऱ्या पोरावर खेकसत राहिलो. त्याच महिन्यात पुन्हा आकडा चुकला तेव्हा कोणाला दिसू नये म्हणून मी तो ओल्या बोटाने इतका घासला की वहीच्या पानाला भोक पडले. ज्या म्हातारीची ती तूर होती तिचे नाव किंवा गाव मला आज सांगता येत नाही. मालकांचा चेहरा मात्र भुवयांच्या केसांसकट आठवतो.

लाज वाटायला अपराध घडावाच लागतो, असेही नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आमचे चार बैलांचे घर, म्हणून ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून, रस्ता सोडून बांधाबांधाने कामावर जायची आणि आमच्यासाठी तिथे मिळणारी सुकडी पदराआड दडवून आणायची. तिने कोणाचे काय बिघडवले होते? पाऊस पडला नव्हता, इतकेच. आजही बँकेची नोटीस आलेला शेतकरी पारावर बसायचे सोडतो, जणू आभाळाचा गुन्हा त्याच्या नावावर चढला आहे. तसली लाज फेडता येत नाही, कारण फेडण्यासारखे तिथे काही नसतेच. ती कोणापाशी तरी बोलूनच उतरते, आणि कोंडून ठेवली तर जिवावर बेतते. तुझ्याकडे खरोखरच काही देणे निघते, त्यामुळे तुझी वाट त्यांच्यापेक्षा पुष्कळ सोपी आहे.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही आख्यायिका तुला ठाऊक आहे. भरल्या सभेत खजील झालेले नामदेव आधी गाऱ्हाणे घेऊन पंढरपूरला गेले आणि मग औंढा नागनाथच्या देवळात, विसोबा खेचरांना गुरू करायला. मला मात्र त्या कथेत विसोबाच अधिक जवळचे वाटतात. मुक्ताईला मांडे भाजायला आळंदीत खापर मिळू नये म्हणून आडकाठी घालणारे तेच, असे सांगतात. पश्चात्ताप झाला तेव्हा ते ज्यांना छळले त्याच भावंडांच्या पायाशी जाऊन बसले. तुझ्यासारखे तोंड लपवून घरी बसले असते, तर नामदेवांना औंढ्यात नुसते देऊळच भेटले असते.

आता तुला कोणी सांगितले नसेल ते सांगतो. तुझ्या पट्टीमुळे त्या शेतकऱ्याला हातात पैसे कमी आले, आणि पेरणीची घाई असल्याने हरभऱ्याचे बियाणे त्याने उधारीवर उचलले. मालकांनी दिलेल्या फरकात हे धरलेले नाही. येत्या रविवारी त्याच्या गावी जा. चूक तुला त्याच रात्री कळली होती, हे त्याला तुझ्या तोंडून समजू दे. ते अजून माझ्याखेरीज कोणाला माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. ‘मी फार वाईट माणूस आहे’ असे त्याच्यापुढे म्हणत बसू नकोस, कारण मग तुझी समजूत घालण्याचे कामही त्या बिचाऱ्याच्याच गळ्यात पडेल. उधारीपायी दुकानदाराने वर काही लावले असेल तर ते विचारून घे आणि तुझ्या पगारातून दे. तो काही बोलला तर मध्ये न बोलता ऐक. तो माफ करीलच असे नाही, आणि ते त्याच्या मर्जीवर आहे.

सोमवारी दुकान नेहमीप्रमाणे आठला उघडेल. पाच दिवसांची रोजकीर्द मागे पडली आहे. मी ती लिहिलेली नाही.

तुझा,
मुनीमकाका