फ्रेमवर्क बदलत राहतात. मग वेब डेव्हलपरने टिकाऊ असे काय शिकावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मुंबईत वेब डेव्हलपर म्हणून नोकरी करता, दिवसभर रिॲक्ट या वेब पाने बनवण्याच्या साधनात काम करता, वरिष्ठ सहकारी त्याआधीच्या जेक्वेरी आणि अँग्युलरजेएस या साधनांच्या काळाबद्दल बोलतात, आणि कामाबाहेरच्या वेळेत असा कोणता विषय हाती घ्यावा की जो दर चार-दोन वर्षांनी नव्याने शिकावा लागणार नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

देवनागरी मजकूर संगणक कसा साठवतो, कसा मोजतो, कसा क्रमाने लावतो, कसा शोधतो आणि शेवटी पडद्यावर कसा काढतो, या विषयात मन घाला, असे मी सांगेन. जेक्वेरी २००६ साली आली, अँग्युलरजेएस २०१० साली आली आणि रिॲक्ट २०१३ साली सर्वांसाठी खुले झाले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, देवनागरीला मिळालेली जागा मात्र १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तीच आहे, आणि एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही हा आता युनिकोडचा नियमच आहे. त्यामुळे इथे शिकलेले वाया जात नाही. शिवाय या अभ्यासासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही रोज काम करता त्याचा कन्सोल, म्हणजे कोड टाइप करून लगेच उत्तर पाहण्याची खिडकी, पुरेसा आहे.

कन्सोल उघडा, 'विक्रोळी' ही स्ट्रिंग लिहा आणि तिची लेंग्थ विचारा. उत्तर ८ येते, कारण व, पहिली वेलांटी, क, हलन्त चिन्ह, र, ओकाराची मात्रा, ळ आणि दुसरी वेलांटी अशी आठ चिन्हे एकामागून एक साठवलेली असतात. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यातले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून फाइलमध्ये हाच शब्द २४ बाइटचा होतो. वाचणाऱ्याला मात्र वि, क्रो आणि ळी अशी तीनच अक्षरे दिसतात. आता इंटल.सेगमेंटर या जावास्क्रिप्टमधल्याच सोयीने त्याचे तुकडे करून पाहा: नव्या ब्राउझरमध्ये ३ तुकडे मिळतील, थोड्या जुन्या ब्राउझरमध्ये ४ मिळतील. हा फरक ब्राउझरमधल्या दोषामुळे पडत नाही. युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, जोडाक्षर मध्येच तोडू नये असा नियम घातला गेला. त्याआधीच्या नियमांनुसार 'क्' आणि 'रो' हे दोन वेगळे तुकडे मानले जात. एकाच शब्दाच्या लांबीची ही चारही उत्तरे बरोबर आहेत, आणि कोणत्या कामासाठी कोणते उत्तर घ्यायचे हे कळणे हाच या अभ्यासाचा पहिला टप्पा आहे. डेटाबेसची मर्यादा ठरवताना बाइट किंवा कोड पॉइंट, म्हणजे साठवलेली युनिकोड चिन्हे, पाहावे लागतात. मजकूर कापताना डोळ्यांना दिसणारे अक्षर पाहावे लागते, नाहीतर 'विक्रोळी'ची पहिली चार चिन्हे घेणारा कोड पडद्यावर 'विक्' असा पाय मोडलेला शब्द उभा करतो, आणि बातम्यांच्या कार्डांवर असे मोडके शब्द आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एसएमएसचे गणित तर याहून कडक आहे: साध्या इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे बसतात, पण मजकुरात देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि त्या ७० मध्ये विक्रोळी आठ जागा घेते.

फॉर्मच्या तपासणीतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरे चालतील असा नियम लिहिणारा डेव्हलपर बहुधा रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रात, ए ते झेड लिहितो. जो थोडा अधिक विचार करतो तो युनिकोडमधले 'अक्षर' हे वर्गीकरण वापरतो, म्हणजे बॅकस्लॅश, पी आणि महिरपी कंसात एल. तेही अपुरे आहे, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरे नाहीत, 'खुणा' आहेत, आणि त्यांचा वर्ग एम हा आहे. दोन्ही वर्ग एकत्र घेतल्याशिवाय 'मीना' हे साधे नावसुद्धा तपासणीतून पुढे जात नाही.

क्रमवारीसाठी मध्य रेल्वेची चार स्थानके घेऊ: कर्जत, कल्याण, कळवा आणि कसारा. जावास्क्रिप्टच्या साध्या सॉर्टला ही यादी दिली तर ती याच क्रमाने परत येते, कारण तिथे चिन्हांचे क्रमांक पाहिले जातात आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. ही मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे, ज्यात सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा होता. म्हणूनच देवनागरी, बंगाली आणि गुजराती 'क' आपापल्या गटात नेमक्या त्याच स्थानी सापडतो. परंतु मराठी वर्णमालेत आपण ळ हा ह च्या नंतर म्हणतो आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. त्यामुळे मराठी कोशाच्या क्रमाने कसारा आधी आणि कळवा शेवटी यायला हवा. जावास्क्रिप्टच्या इंटल.कोलेटर या क्रम लावणाऱ्या सोयीला भाषा म्हणून मराठी सांगितली की हा क्रम मिळतो, कारण सीएलडीआर या भाषाविषयक माहितीच्या खुल्या संग्रहात मराठीचे नियम आधीच नोंदवलेले आहेत. एक शब्द जास्तीचा लिहिण्याचा प्रश्न असतो आणि तो बहुतेक संकेतस्थळांवर लिहिलेला नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग शोधाचा आहे. वकिलांच्या नावांची एखादी यादी डोळ्यांसमोर आणा. नावाआधी 'ॲड.' लिहिण्याच्या तीन पद्धती प्रचारात आहेत. एकात यू+०९७२ या युनिकोड क्रमांकाचे स्वतंत्र चिन्ह असते, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले. दुसऱ्यात साधा अ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण असते. तिसऱ्यात हिंदी वळणाचा 'ऍ' असतो. पहिल्या दोन बहुतेक फॉन्टमध्ये हुबेहूब सारख्या दिसतात, तरी संगणकाच्या दृष्टीने त्या पूर्णपणे वेगळ्या स्ट्रिंग आहेत, आणि सर्वसाधारण नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणे), ज्याला एनएफसी म्हणतात, तेही त्यांना एक मानत नाही. मी ज्या एका यादीवर काम केले तिच्यात या तिन्ही पद्धती मिसळलेल्या होत्या, आणि शोधणाऱ्याला स्वतःच्या कीबोर्डवर जी पद्धत उमटते तेवढीच नावे सापडत होती. उरलेली नावे यादीत असूनही त्याच्यासाठी नसल्यासारखीच होती.

'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' अशा आडनावांतल्या आडव्या अर्ध्या र चेही असेच आहे. तो दोन प्रकारे लिहिला जातो: यू+०९३१ हे चिन्ह आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घेऊन. शोधासाठी अशा अदृश्य खुणा काढून टाकाव्यात असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो. तो जसाच्या तसा पाळला तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'दऱ्या' या शब्दातला जॉइनर जातो आणि 'दर्या' उरतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनएफसी करावे, नंतर र, हलन्त आणि जॉइनर या तिघांच्या जागी यू+०९३१ आणि हलन्त बसवावे, नंतर अ आणि चंद्र या जोडीला, तसेच 'ऍ' ला, 'ॲ' मध्ये बदलावे, आणि उरलेल्या अदृश्य खुणा सर्वांत शेवटी काढाव्यात. हे सर्व मूळ मजकुरावर करू नये. माणसाने आपले नाव जसे लिहिले तसेच ते जपून ठेवावे, शोधासाठी वेगळा रकाना तयार करावा, आणि शोधणाऱ्याने टाकलेला शब्दही हेच बदल करणाऱ्या फलनातून (फंक्शनमधून) नेऊन मग तुलना करावी. हे फलन जेमतेम दहा-पंधरा ओळींचे होते, पण मराठी नाव असलेल्या माणसाला स्वतःचे नाव सापडणे त्याच्यावर अवलंबून असते.

अंकांचा भाग लहान आहे, परंतु तो माहीत असावा. जावास्क्रिप्टमध्ये 'नंबर' ला '१२' दिले तर उत्तर नॅन, म्हणजे 'ही संख्या नाही', असे येते; पायथॉनमध्ये इंट ला तेच दिले तर बिनतक्रार बारा मिळतात. उलट दिशेने, इंटल.नंबरफॉरमॅटला मराठी सांगितली की १२३४५६७ ही संख्या १२,३४,५६७ अशी, देवनागरी अंकांत आणि लाखांच्या गटांत, आपोआप लिहून मिळते. ज्या फॉर्ममध्ये मराठी कीबोर्डवरून पिनकोड टाकला जाण्याची शक्यता आहे, तिथे आधी अंक बदलून घेतले पाहिजेत.

पडद्यावरच्या दिसण्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते वाचण्यापेक्षा पाहून लवकर समजते. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये कम्प्युटेड या भागाच्या तळाशी प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला गेला ते दिसते. तुम्ही निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर विंडोजवर निर्मला यूआय आणि ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी येऊन बसलेला आढळेल. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवावी, कारण ज्या फॉन्टांत तशी सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर मात्र इंग्रजीपेक्षा सैल ठेवावे, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. एकटाइपसारख्या मुंबईतल्याच फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने मुक्त आणि बलू हे फॉन्ट सर्वांसाठी खुले केलेले आहेत, तेव्हा चांगला फॉन्ट मिळत नाही अशी सबब आता उरलेली नाही.

हे सर्व पचल्यावर एक मोठा प्रकल्प हाती घेण्यासारखा आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठीतली बरीचशी छपाई अशा फॉन्टांत झाली, ज्यांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. त्या फाइलमधला मजकूर वेबवर आणला की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. तो युनिकोडमध्ये आणताना एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवून भागत नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. म्हणून 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी संपूर्ण 'स्थ' ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचे नेमके उलटे असते: 'कर्जत'मधला रफार दिसतो ज वर आणि जुन्या फाइलमध्ये ज च्या नंतर असतो, पण युनिकोडमध्ये तो ज च्या आधी हवा. जोडाक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ओळखणारा छोटा पार्सर तुम्हाला लिहावा लागेल, आणि माझ्या पाहण्यात हा पार्सर लिहिताना जेवढे प्रोग्रामिंग शिकून होते तेवढे तयार धड्यांतून होत नाही. कितीतरी दिवाळी अंक, स्मरणिका आणि लहान संस्थांचे अहवाल अजून अशाच फाइलमध्ये पडून आहेत.

नोकरीत याचा उपयोग काय, असे तुम्ही कदाचित विचाराल. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे, आणि या शहरातल्या बँका, रुग्णालये, शासकीय कार्यालये आणि वृत्तपत्रे यांच्या प्रत्येक प्रणालीत मराठी नावे आणि पत्ते आहेत. तिथे शोध का चालत नाही हे कन्सोल उघडून दाखवू शकणारा माणूस संघात असणे ही खरी गरज आहे.

सुरुवात शोधापासून करा, कारण त्यात क्रम, लांबी आणि नॉर्मलायझेशन हे तिन्ही विषय ओघाने येतात. उपनगरी स्थानकांची मराठी यादी स्वतः टाइप करा, मित्राकडून त्याच्या फोनवर तीच टाइप करून घ्या, आणि दोन्ही याद्यांतली कोणती नावे एकमेकांशी जुळत नाहीत ते पायथॉनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलने चिन्हागणिक तपासा. त्यात फॉन्टचा दोष आढळला तर नोटो हा फॉन्टांचा प्रकल्प खुला आहे, आकार चुकीचे जुळत असतील तर अक्षरांचे आकार जुळवणारा हार्फबझ हा प्रकल्प खुला आहे, आणि क्रम किंवा अंक चुकत असतील तर सीएलडीआरकडे तक्रार नोंदवता येते; तिन्ही ठिकाणी नेमका शब्द, अपेक्षित रूप आणि प्रत्यक्ष मिळालेले रूप असे तिन्ही लिहून द्या.